चांदणीच्या ठाणातली दुसरी घोडी

दर्शना,

कावळा लगेच शिवला. परवा तुझ्या दहाव्याला पिंड ठेवून तुझा भाऊ मागे वळतो न वळतो तोच खाडीकडच्या झाडावरून एक कावळा उतरला, त्याने इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ भाताला चोच लावली. बायका म्हणाल्या, पोरीची काय इच्छाच राह्यली नव्हती. सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला. मी सकाळपासून मनाची तयारी करून आले होते. कावळा अडून बसेल, लोक एकेक गोष्ट कबूल करू लागतील, कुणी म्हणेल तुझ्या आईला सांभाळू, कुणी म्हणेल घर पुरं करू, आणि तरी तो येणार नाही. मग मी पुढे होईन आणि हात जोडून म्हणेन, दर्शना, तुझं जे मी माझं म्हणून खपवलं ते सगळ्यांना सांगते, आता तरी ये. मग तो उतरेल. असं सगळं मी ठरवून आले होते, आणि तुझ्या पिंडाला माझी गरजच पडली नाही. तुझ्या गावाहून, उलव्याहून परत येताना रस्ताभर मी तुझ्याशी भांडत होते.

तर आता कागदावर सांगते. मला तुझा हेवा वाटायचा. साधा, पोटात दुखणारा हेवा. पशुवैद्यक महाविद्यालयात आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचा. मी घोकून घोकून पहिली यायचे आणि प्राध्यापक नाव तुझं लक्षात ठेवायचे. पुढे मी जनुकशास्त्राकडे वळले, डॉक्टरेट केली, दोन वर्षं परदेशात काढली, आणि पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्यालगतच्या या घोड्यांच्या फार्मवर प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी फाटकात कोण उभं, तर तू. पायात गमबूट, कोपरापर्यंत लीद. तिथली डॉक्टर तूच होतीस. मला म्हणालीस, आलीस गो, चा घेनार? जणू तुझ्याच घरी आले होते.

घोडे तर तुझेच होते. तू तबेल्यात शिरलीस की ठाणाठाणातून माना बाहेर यायच्या आणि मी शिरले की आत जायच्या. शंभू नावाचा तो तांबडा घोडा मला दोनदा चावला. तुझ्या खांद्यावर मात्र तो मान टाकून उभा राहायचा आणि तू खुशाल फोनवर बोलत असायचीस. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार तुला डॉक्टरबाय म्हणायचे, मला मॅडम. तुला विचारल्याशिवाय कुणी भाकरी सोडायचं नाही. मला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं, हेही खरं आहे. पण विचारायला काय हरकत होती?

माझ्या आईचं तर बोलायलाच नको. आमच्या घरात लसूणसुद्धा जपून, आणि तू करंज्याहून आणलेली सुकट स्कूटरला अडकवून वर यायचीस. आई नाकाला पदर लावून विचारायची, झाकण नीट लावलंयस ना गं, आणि लगेच तुझ्यापुढे ताट मांडायची. गणपतीत तुझ्यासाठी ती मोदक बाजूला काढून ठेवायची. ते मी मोजायचे. माझ्यापेक्षा एक जास्त असायचा. चाळिशी उलटलेल्या मला ती सांगायची, दर्शनाकडे बघ, कशी मोकळी आहे.

आपलं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. घोड्याला सापाच्या विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवत न्यायची, आणि त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून सर्पदंशावरचं औषध बनवायचं. वीटभट्टीवरच्या, भातखाचरातल्या, डोंगराच्या कडेला राहणाऱ्या माणसांसाठी. पण तीच मात्रा आणि तोच चारा देऊन एक घोडा भरभरून देतो आणि शेजारचा अगदी जेमतेम, हे कशामुळे, हा माझा प्रश्न होता. उत्तर रक्तातल्या बी पेशींत होतं. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर विषाचा कण पकडणारा रिसेप्टर असतो. तोच सुटा होऊन रक्तात फिरू लागला की त्याला प्रतिपिंड म्हणायचं. या रिसेप्टरचं जनुक घोड्याला आईबापांकडून अख्खं मिळत नाही. मिळतात ते नुसते तुकडे, गटागटांनी मांडलेले. प्रत्येक पेशी प्रत्येक गटातून एकेक तुकडा उचलते आणि गोधडीसारखे ते जोडते. म्हणून एकाच घोड्याच्या अंगात लाखो तऱ्हांचे रिसेप्टर असतात. कुठला घोडा कुठले तुकडे उचलतो, हे मी वाचायचे.

तुला मी एकदा सांगितलं होतं, या रिसेप्टरमध्ये एक हलकी साखळी असते. तिच्या दोन जाती. माणूस दोन्ही वापरतो, घोडा जवळजवळ नेहमी एकच. तू म्हणालीस, दोन पिशव्या असून एकच वापरायची, दुसरी घडी घालून ठेवायची, ही आमच्या आजीची सवय. पुढे एका व्याख्यानात मी ते वाक्य माझं म्हणून टाकलं आणि लोक खूप हसले. सुरुवात तिथून झाली असावी.

आता चांदणीचं. आपल्या तबेल्याची एक रीत आहे. घोडा गेला तरी ठाणाचं नाव जात नाही. दारावर रंगवलेलं नाव तसंच राहतं आणि त्या ठाणात येणारं नवं जनावर तेच नाव लावतं. नाव पुसलं तर ठाण ओस पडतं, असं काशिनाथमामांचं म्हणणं. ते सगळ्यांत जुने मोतद्दार, माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतले, त्यांच्या शब्दाबाहेर तबेल्यात कुणी जात नाही. दफ्तरात नंबर बदलतो, पण नंबराने घोड्याला कोण हाक मारतं? माझ्याकडे रक्ताची नळी यायची तीही चांदणीची म्हणून, आणि मी तिच्यावर लिहायचे तेही चांदणी असंच. सोबतच्या कागदावरचा नंबर मी वाचतच नव्हते.

मी तीन महिने पुण्याला प्रशिक्षणाला गेले, त्याच काळात चांदणी पोटशूळाने गेली. मी परत आले तेव्हा चांदणीच्या ठाणात चांदणी उभी होती. तशीच काळपट, कपाळावर तसाच पांढरा ठिपका. मला कुणी काही सांगितलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं, मॅडमना दिसत असेलच.

मग मी तिच्या जुन्या-नव्या सगळ्या नळ्या एकत्र वाचायला घेतल्या आणि मला घबाड सापडलं. एका घोड्यात एका तुकड्याची फार तर दोन रूपं असायची, एक आईकडचं आणि एक बापाकडचं. चांदणीत तीन निघाली. म्हणजे तिच्यात ते जनुकच दुप्पट झालं असणार, आणि मण्यारीच्या विषावर ती एवढं भरभरून देते त्याचं कारणही हेच असणार. मी धावत सरांकडे गेले. सर म्हणजे आपले संचालक. त्यांनी पेढे मागवले. तुला पेढा मी माझ्या हाताने दिला, आणि तो देताना मला जे सुख झालं ते पेढ्याचं नव्हतं.

चार दिवसांनी तू प्रयोगशाळेत आलीस. भिंतीवर मी तक्ता लावला होता, खाली नमुन्यांच्या तारखा होत्या. तू कमरेवर हात ठेवून तो वाचत राहिलीस. मला वाटलं, आता कळत नाही म्हणून विचारेल.

“मुग्धा, ह्या दोन चांदन्या हायेत गो. पहिली तू पुन्याला होतीस तवा गेली. ही तिची पोर.”

तू तक्त्यावर बोट ठेवून दाखवलंस. आईत पहिलं आणि दुसरं रूप, लेकीत दुसरं आणि तिसरं, आणि मधलं ते आईने लेकीला दिलेलं. डॉक्टरेट माझी, आणि वाचलंस तू. मग तू जे विचारलंस ते मला अजून झोंबतं.

“तू तिच्या तोंडाकडं कधी बगितलंस काय?”

नव्हतं बघितलं. घोड्यांच्या जनुकांवर उमेदीची वर्षं घालवलेली बाई, आणि डोळ्यांपुढची घोडी बदललेली तिला कळली नाही. तुला हसू यायला लागलं होतं. माझा चेहरा बघून तू ते गिळलंस. म्हणालीस, जा, सरांना सांगून मोकळी हो, नळ्या आपण दोघी मिळून वेगळ्या करू.

मी गेले. सरांना म्हणाले, मी पुन्हा तपासलं, नमुन्यांत घोटाळा आहे, माझ्या लक्षात आला. ‘माझ्या’ हा शब्द चुकून तोंडातून गेला असं म्हटलं तर ते दुसरं खोटं होईल. जिना चढताना मी तो ठरवला होता. सोमवारच्या बैठकीत सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. स्वतःची चूक स्वतः शोधून स्वतः सांगणारी माणसं आजकाल कुठे राहिली, म्हणाले. तू समोर बसून मोसंबं सोलत होतीस. एक फोड माझ्यापुढे केलीस. मी ती खाल्ली.

नळ्या वेगळ्या करायला आपल्याला आठवडा लागला. कुठली नळी कुठल्या चांदणीची हे तू काशिनाथमामांना तारखा विचारून लावलंस. वेगळ्या केल्यावर मग खरी गोष्ट हाती आली. आईने लेकीला दिलेलं ते मधलं रूप दोघींच्या बी पेशी मण्यारीच्या विषासाठी भराभर उचलत होत्या. म्हणजे दुप्पट जनुक वगैरे काही नव्हतं, चांगला तुकडा पिढीतून पिढीत उतरत होता. आई-लेक आहेत हे तू सांगितलं नसतंस तर मला ते जन्मात दिसलं नसतं. शोधनिबंध मी लिहायला घेतला. माझं नाव पहिलं. तुझं नाव शेवटी, आभारात, रक्ताचे नमुने पुरवल्याबद्दल. मसुदा तुला वाचायला दिला तर तू दोन ठिकाणी घोड्यांची वयं दुरुस्त करून परत दिलास. नावांबद्दल एक अक्षर नाही. भांडली असतीस तर माझी सुटका झाली असती.

भांडलीस ती भलत्याच गोष्टीवर, आणि ते भांडण अर्धंच राहिलं. मी म्हणत होते, यापुढे तो तुकडा असलेल्या घोड्यांचीच पैदास करावी. तू म्हणायचीस, आज मण्यार, उद्या फुरसं, सगळ्यांना एकच तुकडा वाटून ठेवलास तर उद्याच्याला कोण उभा राहील? मी म्हणाले, हे भावनेचं बोलणं झालं, आकडे घेऊन ये. तू आणणार होतीस. तुझ्या वहीतल्या नोंदी मी आता चाळल्या, तुझ्या बाजूने बरंच निघतंय. मला एकदा तरी तुला हरवायचं होतं, तीही सोय आता राहिली नाही.

मानेतली गाठ तू तीन महिने अंगावर काढलीस. तपासणीचा कागद आला तो डॉक्टरांकडे नेण्याआधी तू माझ्या टेबलावर ठेवलास, कारण त्यात माझा विषय होता. निरोगी माणसाच्या बी पेशींत तुकड्यांची जोडणी पेशीगणिक वेगळी दिसते. तुझ्या गाठीत सगळीकडे एकच जोडणी होती. एकच पेशी बेफाम वाढून सगळी जागा अडवून बसली होती. मी वाचलं आणि मला कळलं, आणि तू अजून चहात बिस्कीट बुडवत होतीस. दर्शना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुझ्याआधी काहीतरी कळलं होतं, आणि एक क्षणभर, अगदी एकच क्षण, मला बरं वाटलं. हे मी आईलासुद्धा सांगू शकत नाही. तुलाच सांगते.

मग मी समजावून सांगितलं. तू नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, एकाच घोड्यानं सगला तबेला भरला, असंच ना? मी हो म्हटलं आणि मला रडू फुटलं. तू उठून माझी पाठ थोपटत राहिलीस. आजार तुझा, आणि पाठ माझी. तेव्हाही मला वाटलं, हिला एवढं मोठं मन कोणी सांगितलंय.

रुग्णालयात मी आठ-दहा वेळा आले. प्रत्येक वेळी लिफ्टमध्ये वाक्य जुळवायचे आणि तुझ्या खाटेशी आले की घोड्यांचं बोलायचे. शंभू खात नाही म्हटलं की तू तिथून फोन करून मोतद्दारांना सूचना द्यायचीस. आईने पाठवलेला शिरा मी तुला भरवायचे. शेवटच्या खेपेला तू चमचा बाजूला केलास आणि माझ्याकडे बघत राहिलीस. बराच वेळ. काही विचारलं नाहीस. मला ते बघणं सोसेना, म्हणून मी म्हणाले, पड आता जरा, दमली असशील. तू पडलीस. मी डबा विसळायला गेले.

काल फार्मवर तुझी शोकसभा झाली. निबंध या आठवड्यात पाठवायचा आहे, सर सकाळीच म्हणाले होते. मोतद्दार खुर्च्यांवर बसले नाहीत, मागे भिंतीला लागून उभे राहिले. काहींच्या पायाला तबेल्याचा चिखल तसाच होता. तुझी सर्वांत जुनी मैत्रीण म्हणून पहिलं बोलायला मला उठवलं. मी चांगलं भाषण लिहून नेलं होतं. ते काढायला पर्समध्ये हात घातला आणि समोर बघितलं तर ते सगळे चेहरे माझ्याकडे बघत होते, तू बघत होतीस तसे. भाषण राहिलं. मी सांगून टाकलं. चांदणी बदललेली मला कळली नाही. ते दर्शनाने ओळखलं. आई-लेक हेही तिनेच सांगितलं. मी सरांना माझ्या लक्षात आलं असं सांगितलं, ते खोटं होतं. निबंधावर पहिलं नाव तिचं जाईल, नाहीतर निबंध जाणार नाही.

सरांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाले, मॅडम, हे आपण केबिनमध्ये बोलू. मी म्हणाले, सर, खोटं केबिनमध्येच बोलले होते. मला वाटलं, आता मोतद्दार माझं तोंड बघणार नाहीत, आणि खरं सांगते, मला ते हवंसं वाटलं. काहीतरी शिक्षा झाली असती.

काशिनाथमामा मागून बोलले.

“आमाला ठावं हाय, मॅडम.”

सगळे वळले. मामा सांगू लागले. नळ्यांच्या तारखा तू त्यांनाच विचारल्या होत्यास, त्यामुळे कुणी काय शोधलं हे तबेल्यात पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बैठकीतलं माझं कौतुक कानावर आलं तेव्हा ते सगळे चिडून तुझ्याकडे आले. डॉक्टरबायचं नाव मॅडमनं खाल्लं, आमी सायबाकडं जातो म्हणाले. तू त्यांना अडवलंस.

“डॉक्टरबाय बोल्ली, कुनी जायचं नाय. मॅडम सोताच सांगंल. तिला येल द्या.”

दोन वर्षं झाली त्याला, दर्शना. दोन वर्षं मी समजत होते की तू विसरलीस, किंवा तुला त्याचं काही पडलेलं नाही, आणि तेवढ्यासाठीही तुझ्यावर जळत होते. तू तर वाट बघत होतीस. तुझ्याबरोबर तबेल्यातली सगळी माणसं वाट बघत होती, मला रोज मॅडम म्हणून नमस्कार घालत. मी स्वतःहून सांगेन याची मला स्वतःला कधी खात्री नव्हती. आईला विचारलं असतं तर तीही गप्प बसली असती. तुला ती खात्री होती. तुझ्या घोड्यांचा, भाकरीचा, मोदकांचा हेवा करून झाला होता, आता हा एक नवा लागला आहे. माझ्याबद्दलची ती खात्री तुझ्याकडे होती आणि माझ्याकडे नव्हती, याचा.

वेळ द्या म्हणालीस, आणि दिलास. तो तपासणीचा कागद माझ्या टेबलावर ठेवलास, आपल्याकडे किती उरलाय ते माझ्याच तोंडून ऐकलंस, तरी परत मागितला नाहीस. मी मात्र सगळा घेतला. तू गेल्यावरसुद्धा आणखी अकरा दिवस घेतले.